फितीबाहेरचा चंद्रसेन

माघातल्या एका दुपारी, भिवापूरच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या खळ्यावर, पसरलेल्या लाल मिरचीचा रंग उन्हात डोळ्यांना झोंबत असताना आणि तोंडाला फडकी बांधून देठ खुडीत बसलेल्या बायांच्या ठसक्यांखेरीज तेथे दुसरा आवाज उठत नसताना, मी आमच्या काकाजींना एका इंग्रज राजाचे मरण दाखविले. काकाजी म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीसएक हंगाम पडद्याआड बसून नटांना वाक्ये पुरविणारे प्रॉम्प्टर. दिवाळीनंतरच्या मंडईपासून उन्हे तापेपर्यंत वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, पवनी या मुलखात रात्रीच्या पहिल्या प्रहरापासून कोंबडा आरवेपर्यंत चालणारी जी नाटके होतात, त्यांत आज या गावी राजा तर उद्या त्या गावी दरोडेखोर होणाऱ्या नटाची मदार तालमींपेक्षा या पडद्याआडच्या माणसावरच असते, हे जाणकारांस सांगावयास नको. आमचे भिवापूर त्या झाडीच्या वेशीवरचे. येथून पूर्वेकडे निघाले की नाटकाचा मुलूख लागतो आणि पश्चिमेकडे उमरेडवरून नागपूर.

काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढून मोबाइलवर सावली धरली. चित्र लहान, त्यात करड्या रंगाचे. मध्यभागी एक खुर्ची, खुर्चीत पांढरा झगा घातलेला एक मनुष्य, दोन्ही अंगांस त्याचे सरदार आणि जवळच कोवळा राजपुत्र. त्या मनुष्यास विषप्रयोग झालेला आहे. तो खुर्चीचे हात आवळतो, सोडतो, पुन्हा आवळतो, मान मागे टाकतो, उठू पाहतो, ओठ हालवतो, आणि मिनिटभराच्या त्या धडपडीत एकदाही खुर्ची सोडीत नाही. चित्र संपले. काकाजींनी ते पुन्हा लावावयास सांगितले आणि दुसऱ्या खेपेस म्हणाले, "मरून रायला जी मास्तर हा, पन आयकू तं काईच येऊन नाई रायलं."

ज्याने जन्मभर केवळ शब्दच पुरविले, त्याला या दृश्यात प्रथम शब्दांची उणीव भासावी हे स्वाभाविकच होते. परंतु त्या मिनिटभराच्या मूक तडफडीची योग्यता फार मोठी आहे. शेक्सपिअरच्या नाटकाचे जगातील जे पहिले चलच्चित्र घेतले गेले, त्याचा शिल्लक राहिलेला भाग म्हणजे हीच फीत. नट हर्बर्ट बीअरबोम ट्री, नाटक 'किंग जॉन', साल १८९९. लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये २० सप्टेंबरला या नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा होता आणि त्याची जाहिरात म्हणून त्यातील चार प्रवेशांचे तुकडे एका चित्रपट कंपनीने टिपून घेतले. थिएटरातील दिवे त्या काळच्या मंद फितीस पुरे पडण्याजोगे नसल्यामुळे राजा, राजपुत्र, सरदार असा सगळा सरंजाम थेम्सच्या काठी उघड्यावर उभारलेल्या रंगमंचावर नेण्यात आला, आणि मागे रंगविलेला पडदा सोडून वर आकाशातल्या सूर्याला दिव्याचे काम देण्यात आले. त्या कंपनीची फीत ६८ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे पुढे सर्वत्र रूढ झालेल्या ३५ मिलिमीटरच्या फितीहून जवळजवळ दुप्पट रुंद होती. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही त्या मनुष्याच्या बोटांची वळणे आपल्याला मोजता येतात. चार तुकड्यांपैकी तीन गेले, मरणाचा तेवढा राहिला.

ट्री आणि चित्रपट यांच्या संबंधाची पुढची हकीकत तर एखाद्या प्रहसनात शोभावी अशी आहे. १९११ साली विल बार्कर नावाच्या निर्मात्याने ट्रीचे 'हेन्री द एट्थ' हे गाजलेले नाटक चित्रित केले. त्यापोटी नटाला एक हजार पौंड मिळाले, आणि करारात असे कलम होते की ठरलेले आठवडे दाखवून झाल्यावर चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात. त्याप्रमाणे एप्रिलमध्ये वीसच्या वीस प्रती समारंभपूर्वक जाळण्यात आल्या. जिवंत नटाच्या कलेला निर्जीव फितीची कायमची भागीदारी नको, अशी काहीशी भावना त्यामागे असावी. परंतु जुन्या, झिजलेल्या प्रती गावोगाव फिरवून चित्रपटाचा लौकिक घालवू नये हा व्यापारी हिशेबही त्यात होताच. पुढे १९१६ साली ट्री अमेरिकेत जाऊन 'मॅक्बेथ' करून आला. तो चित्रपट आज नाही, आणि पुढच्याच वर्षी नटही गेला. म्हणजे ज्याच्यावर पैसा ओतला ते करारनाम्याने जळाले, ज्याच्याकडून कीर्तीची अपेक्षा होती ते हरवले, आणि जाहिरातीसाठी एका दुपारी उरकलेले काम मात्र सरकारी दप्तरातील एखाद्या क्षुल्लक दाखल्यासारखे कोणाच्या ध्यानीमनी नसताना टिकून राहिले. जपणुकीच्या इतिहासात न्याय शोधू नये हे बरे.

आता याच १८९९ सालात मुंबईस काय चालले होते ते पाहू. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी पाहिली. ती पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्यासाठी बोटीने लंडनला पाठवावी लागली. एकाच वर्षी, एकाच जातीच्या यंत्राने, तिकडे विषाने तळमळणारा राजा टिपला गेला आणि इकडे लाल मातीतला डाव.

त्या वर्षी गणपतराव जोशी बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांच्या कारकिर्दीचा सूर्य माध्यान्ही होता.

या गृहस्थांचे नाव आज मराठी वाचकाला ऐकून ठाऊक असते, इतकेच. १८६७ साली जन्मलेला, शालेय शिक्षण बेताचेच झालेला हा मनुष्य साताऱ्याच्या नावावरून 'शाहूनगरवासी' म्हणविणाऱ्या नाटक मंडळीत वाढला, आणि 'हॅम्लेट'चा नट म्हणून महाराष्ट्रात असा गाजला की दुसऱ्या कोणाशी त्याची तुलना करण्याचे धाडस लोक बेतानेच करीत. ज्या संहितेवर हे घडले तिचा जन्मही रंगभूमीपासून फार दूर झालेला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तेथे आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचा उद्योग चालविला, आणि पुढच्या वर्षी ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. डेन्मार्कच्या राजपुत्राचा त्यात चंद्रसेन झाला. आगरकरांसारखा तर्ककठोर सुधारक आणि इंग्रजीचा गंध नसलेला नट, असे दोघे समोरासमोर बसून चंद्रसेनाच्या मनाची उकल करीत आहेत, हे एकोणिसाव्या शतकातील मराठी जीवनाचे मला फार हृद्य वाटणारे चित्र आहे. पुस्तकातले सगळे ज्ञान एकाकडे, देह आणि वाणी दुसऱ्याकडे. आणि तिसऱ्या बाजूस बाळाभाऊ जोग, जे याच मंडळीत नायिका होऊन गणपतरावांसमोर उभे राहत.

शेक्सपिअर तेव्हा महाराष्ट्रात पाहुणा राहिलेला नव्हता. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच 'ऑथेल्लो' मराठीत आणले होते. आमच्या वऱ्हाडात अकोल्यास शिक्षण खात्यात असलेले विष्णू मोरेश्वर महाजनी यांनी 'सिंबेलाइन'वरून 'तारा' रचले. देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका' आणि शिवरामपंत परांजप्यांचा 'मानाजीराव' त्यामागोमाग आले. या नाटकांतले राजे, सरदार आणि संशयी नवरे गणपतरावांच्या अंगाला असे बसले की परकी वस्त्रे घातली आहेत असे कोणास वाटेना.

मग सावेदादांचा कॅमेरा त्यांच्याकडे का वळला नाही? याचे उत्तर तुसडे वाटेल, पण ते मुख्यत्वे उजेडाचे आहे. नाटक रात्रीचे, दिव्यांच्या प्रकाशातले. त्या प्रकाशात तेव्हाच्या फितीवर काळोखाशिवाय काही उमटले नसते. फितीचा एक तुकडा मिनिटभर चालणारा, आणि चंद्रसेनाचे एक स्वगत तेवढ्यात जेमतेम सुरू व्हावयाचे. कुस्ती दिवसा होते, तिला शब्द लागत नाहीत, आणि डाव मिनिटात कळतो. ट्रीला नदीकाठी नेणारी कंपनी होती, जाहिरातीला पैसा होता, संध्याकाळी ते चित्र दाखवावयास थिएटर होते. येथे छायाचित्रकार एकटा, फीत धुण्याचा कारखाना समुद्रापार, आणि नाटक मंडळी आज पुण्यात तर महिन्याने भलत्याच मुक्कामी. दोष कोणाच्या माथी मारण्यासारखा नाही.

तरीही संधी अगदीच आली नाही असे नव्हे. १९१२ साली दादासाहेब तोरणे यांनी 'श्री पुंडलिक' हे मराठी नाटक, कॅमेरा एका जागी रोवून, जसेच्या तसे चित्रित करविले आणि ते १८ मे रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखविले गेले. रंगभूमीवरचे मराठी नाटक फितीवर उतरविता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. गणपतराव त्यानंतर दहा वर्षे हयात होते, आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पुढच्याच वर्षी त्याच चित्रगृहात लागला. पण निवड झाली ती संतांची आणि पुराणपुरुषांची, कारण चित्रपटाचा प्रेक्षक नाटकाच्या प्रेक्षकाहून कितीतरी मोठा होता आणि त्याला पुंडलिक ठाऊक होता, चंद्रसेन नव्हता. ७ मार्च १९२२ रोजी गणपतराव वारले.

कलकत्त्यात मात्र हॅम्लेट करणारा नट फितीवर आला होता. हीरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच तेथील क्लासिक थिएटरच्या नाटकांतील दृश्ये टिपली, आणि त्यांत 'हरिराज'चीही होती. 'हरिराज' म्हणजे 'हॅम्लेट'चाच बंगाली अवतार आणि त्यातील नट अमरेंद्रनाथ दत्त. हिंदुस्थानात शेक्सपिअरच्या नटाचे चित्रण व्हावे ते इतक्या लवकर! परंतु १९१७ साली सेनांच्या फितींच्या कोठाराला आग लागली आणि सगळा मुद्देमाल भस्मसात झाला.

या आगीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या विषयाच्या मुळाशी बसलेला खलपुरुष तोच आहे. जुनी फीत नायट्रोसेल्युलोजची. हे द्रव्य सुरुंगात वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनचे सख्खे भावंड. ते जळताना स्वतःपुरता प्राणवायू स्वतःच निर्माण करते, म्हणून पाण्यात बुडविले तरी विझत नाही. न जळले तरी दमट उष्ण हवेत, म्हणजे मुंबई-कलकत्त्याच्या नेहमीच्या हवेत, ते आधी चिकट होते, मग फुगते आणि शेवटी तपकिरी भुकटी होऊन जाते. यांतून जे वाचे त्यावर माणसांचा डोळा असे, कारण फितीच्या लेपात चांदी असते आणि चित्रपटाचा हंगाम सरल्यावर त्या चांदीला चित्रापेक्षा अधिक भाव येई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा करण्यास आरंभ केला, तोवर हजाराहून अधिक भारतीय मूकपटांपैकी बोटांवर मोजण्याइतकेच हाती लागण्यासारखे उरले होते. 'आलम आरा' हा पहिला बोलपटसुद्धा त्यांत सापडला नाही.

येथे मला एक आडप्रश्न पडतो. समजा एखाद्या हौशी धनिकाने १९०५ साली गणपतरावांना भर दुपारी उघड्यावर उभे करून ती स्वगते टिपून घेतली असती आणि ती फीत आगीतून, दमटपणातून आणि चांदीच्या हावेतून वाचली असती, तर आपल्या हाती काय आले असते? इंग्लंडात असा प्रयोग झालेला आहे. सर जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन हा त्या पिढीचा सर्वमान्य हॅम्लेट. त्याने १९१३ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, रंगभूमीचा निरोप घेताना आपला 'हॅम्लेट' चित्रित करून घेतला. तासाभराचा तो मूकपट सुदैवाने उपलब्ध आहे. कृश, तेजस्वी चेहऱ्याचा तो वृद्ध राजपुत्र प्रत्येक वाक्य खरोखरच उच्चारतो आहे हे ओठांवरून स्पष्ट दिसते, त्याची चाल पाहून आदर वाटतो, आणि ज्या आवाजासाठी तो वाखाणला गेला त्याचा मागमूसही लागत नाही. त्याआधी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात सारा बर्नहार्टने हॅम्लेट होऊन केलेले द्वंद्वयुद्ध दाखविले गेले. सगळ्या नाटकातून कमीत कमी बोलण्याचा प्रसंग तिचे चित्रण करणाऱ्यांनी उचलला, यात त्यांचे शहाणपण दिसते. गणपतरावांची थोरवी ऐकणाऱ्यांनी सांगितली ती प्रामुख्याने वाणीची. तेव्हा ती काल्पनिक फीत पाहून आपणही काकाजींसारखेच म्हटले असते की हा मरून राहिला, पण ऐकू काही येत नाही.

आणि तरीही त्या आवाजाचा एक अंश जपला गेला आहे, तोही अशा ठिकाणी की जेथे आग पोहोचत नाही. सभेत कोणी छाती काढून, हात उंचावून, गर्जत बोलू लागला की आपण आजही 'राणा भीमदेवी थाट' म्हणतो. शाहूनगरवासींच्या 'राणा भीमदेव' नाटकात गणपतराव राणा होत, आणि त्या थाटाची ही भाषेने घेतलेली नोंद आहे. नाटक कोणी वाचत नाही, राणा कोण हे ठाऊक नाही, पण थाट सर्वांच्या ओळखीचा. चंद्रसेनाच्या वाट्याला मात्र असा वाक्प्रचार आला नाही. कुजबुजत स्वतःशी बोलणाऱ्या नटाची नक्कल करणे लोकांना जमत नाही.

बोलपट आल्यावर परिस्थिती पालटावयास हवी होती. नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, 'प्रभात'ने १९३५ च्या 'धर्मात्मा'त घेतले ते एकनाथांच्या भूमिकेत. ज्या स्त्रीरूपासाठी महाराष्ट्र वेडावला होता ते पडद्यावर यावयास १९३७ चे 'साध्वी मीराबाई' उजाडावे लागले, आणि तोवर वय झाले होते. त्याच १९३५ साली मुंबईत सोहराब मोदी यांनी रंगभूमीवर गाजलेला आपला उर्दू 'हॅम्लेट' जवळपास जसाच्या तसा 'खून का खून' या नावाने चित्रित केला. नसीम बानू त्यात ऑफिलिया होत्या. जगातील पहिल्या पूर्ण लांबीच्या बोलत्या 'हॅम्लेट'चा मान बहुधा त्यालाच द्यावा लागेल. पण त्याची प्रत कोठे असल्याचा दाखला नाही. पुढे १९५४ साली नागपूर विद्यापीठाचे पदवीधर किशोर साहू यांनी हिंदीत 'हॅम्लेट' काढला, पण साहू पडद्याचे नट, त्यामुळे आपल्या शोधात ते बसत नाहीत. त्याच वर्षी मुंबई मराठी साहित्य संघाने शिरवाडकरांचा 'राजमुकुट' हा 'मॅक्बेथ'चा अवतार हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणला. नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे समोरासमोर. दुर्गाबाई चित्रपटातल्या अव्वल नटी, स्टुडिओ हाकेच्या अंतरावर, आणि प्रयोग मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतच राहिला.

मग शिरवाडकरांनी एक नट निर्माणच केला. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट' मुंबईत सादर केले. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आमच्या नागपूरच्या रंजन कला मंदिराचे, आणि गणपतराव बेलवलकर झाले श्रीराम लागू. नायकाचे नाव गणपतराव असावे हा केवळ योगायोग मानावयास माझे मन घेत नाही. या म्हाताऱ्या नटाच्या स्मृतीत हॅम्लेट, ऑथेल्लो, सीझर असे सगळे दाटीवाटीने वस्तीला आहेत आणि ते वेळी-अवेळी त्याच्या तोंडून बोलू लागतात. २०१६ साली त्याचा चित्रपट झाला आणि नाना पाटेकरांनी बेलवलकर केले. तेव्हा आज कोणी मला विचारले की शेक्सपिअर गाजविलेला मराठी रंगभूमीवरचा महान नट पडद्यावर पाहावयास मिळेल काय, तर मला होय म्हणावे लागते. फक्त तो नट कधी जन्मला नव्हता. जन्मला होता त्याची फीत नाही.

हे सगळे मी काकाजींना सातऱ्यावर बसून माझ्या परीने सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, पण त्यांचे चित्त दुसरीकडेच होते, असे मला मागाहून कळले. त्यांनी ते चित्र तिसऱ्यांदा लावावयास सांगितले आणि ट्रीच्या हातांवर बोट ठेवून म्हणाले, "खाली पडून मरनं सोपं असते मास्तर. धाडकन पडलं का मागच्यायलेबी समजते, गेला म्हून. खुर्चीत बसून मराचं काम लय अवघड. बोटाईनं मरा लागते."

"काकाजी, आपल्याकडं कोणी मरते का खुर्चीत?"

"मराले काय झालं? पन आपली खुर्ची पलास्टिकची. आवळली का वाकते."

फाल्गुनात नागभीडच्या वाटेवरील एका गावी त्यांच्या मंडळीचा खेळ होता. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, ऑर्गनवाला सूर धरून बसला होता, आणि माणसे चादरी पांघरून दाटीने बसली होती. नाटक कौटुंबिक होते. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस जमिनीच्या वाटणीच्या भांडणात म्हाताऱ्या बापाला घोटभर दुधातून काहीतरी दिले जाते. मी रंगमंचाकडे पाहिले तर तेथे लाकडाची, हातांची, जुनी जड खुर्ची मांडलेली होती. ती गावातल्याच कोणाच्या ओसरीवरून मागून आणली होती, आणि तिच्या पाठीवर चुन्याने लिहिलेले घरमालकाचे नाव तसेच होते. बापाने दूध प्याले, पेला ठेवला, आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. पुढल्या रांगेतल्या बाया पदर तोंडाशी नेऊन थांबल्या. विंगेतून काकाजींचा आवाज आला नाही. त्या जागी संहितेत वाक्य होते की नव्हते हे मी त्यांना अद्याप विचारलेले नाही.